पांडवांना आता सुट्टी द्या

भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढून आम्ही वर पोचलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. डिसेंबरचं ऊन अजून कोवळं होतं. आमच्या पुढे आणखी एक कुटुंब होतं : आजी-आजोबा, आई-बाबा, दोन मुलं आणि चिप्सच्या पाकिटांची एक भलीमोठी पिशवी. चैत्यगृहाच्या कमानीसमोर आल्यावर त्या बाबांनी हात वर करून मुलांना सांगितलं, "हे सगळं पांडवांनी एका रात्रीत खोदलं बरं का!" मुलांनी माना डोलावल्या. फोटो झाला. चौथ्या मिनिटाला धाकट्यानं "आता चला ना" सुरू केलं आणि अकराव्या मिनिटाला ते सगळे खाली उतरलेही.

माझी थोरली आठ वर्षांची आहे. तिनं हे ऐकलं होतं. तिनं मला विचारलं, "आई, रात्री अंधारात त्यांना दिसलं कसं?"

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. आठ वर्षांच्या मुलीला पडतो तो प्रश्न आपल्याला, म्हणजे पदव्या घेतलेल्या, हप्त्यांवर गाड्या घेतलेल्या आणि मुलांना कोडिंगच्या क्लासला घालणाऱ्या लोकांना, का पडत नाही?

मी स्वतः शाळेच्या सहलीतून पहिल्यांदा लेणी पाहिली तेव्हा आमच्या बाईंनी हेच सांगितलं होतं. पांडव, वनवास, एक रात्र, मग कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिलं. मी विश्वास ठेवला. यात खास काही नाही, तुम्हीही ठेवला असेल. पण माझ्या बाबतीत एक गोष्ट वेगळी होती. माझे आजोबा पाथरवट होते. जाती, पाटे, वरवंटे, उखळ घडवायचे, झिजलेल्या जात्याला टाकी लावून द्यायचे. आमच्या पडवीत छिन्न्यांचं गाठोडं असायचं. छिन्नी दगडावर तिरकी धरली की कशी खूण उठते आणि सरळ धरली की कशी, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ठाऊक होतं. आणि तरीही, लेण्याच्या भिंतीवर तीच तिरकी खूण हजारो वेळा उठलेली दिसत असताना, माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हे आजोबांसारख्या कुणाचं तरी काम आहे. ज्या घरात छिन्नी होती त्या घरातल्या मुलीलाही कुणी सांगितलं नाही की हे छिन्नीचं काम आहे. तिला सांगितलं, हे भीमाचं काम आहे.

म्हणून "अहो, मुलांना गोष्ट सांगितली तर काय बिघडलं?" या प्रश्नाचं माझ्याकडे साधं उत्तर आहे. बिघडतं. ज्याचं काम आहे त्याचं नाव जातं.

तुम्ही म्हणाल, नावं माहीत असती तर घेतली असती. तर नावं माहीत आहेत. हीच तर या सगळ्यातली सर्वांत संतापजनक गोष्ट आहे. नावं भिंतीवर लिहिलेली आहेत!

कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. धेनुकाकट नावाच्या गावच्या सामी नावाच्या सुताराचं नाव तिथं आहे. तो वेणुवासाचा मुलगा. त्यानं दाराचं काम केलं असं लेख सांगतो. त्याच गावचा सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यं विकणारा होता, आजच्या भाषेत अत्तरवाला. त्याचं दान तिथं नोंदलेलं आहे. कितीतरी खांब यवनांनी दिलेले आहेत, म्हणजे मुळात पश्चिमेकडून आलेल्या आणि इथं रुळलेल्या लोकांनी. भिक्षुणींची दानं आहेत. वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बनवासीच्या, भूतपाल शेठनं तर अख्ख्या जंबुद्वीपात असं दगडी घर दुसरं नाही, अशी जाहिरातच करून ठेवली आहे. आणि खरं सांगू का, त्या माणसाचा फारसा हट्ट वाटत नाही. ३८ मीटरच्या आसपास लांबीच्या त्या दालनात शिरल्यावर आपणही तेच म्हणतो.

कान्हेरीला कल्याणच्या सामिदत्त सोनारानं पाण्याची पोढी दिली. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं टाकं. जुन्नरला इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दिल्या. नाशिकची लेणी तर बघायलाच नकोत. तिथं नहपानाचा जावई उषवदात यानं ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले, २००० दरमहा शेकडा एक दरानं आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दरानं, आणि व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर खर्च भागवायचा असं ठरवून दिलं. मुद्दल मोडायचं नाही. म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट! भिंतीवर कोरलेलं, व्याजदरासकट. आणि त्या डोंगराला आपण काय म्हणतो? पांडवलेणी.

बँकेच्या पासबुकावर भीमाचं नाव टाकण्यासारखा हा प्रकार आहे.

आता मी पांडवांच्या विरोधात नाही. माझ्या मुलांना महाभारत रात्री झोपताना लागतं, आणि धाकट्याला भीम सर्वांत जास्त आवडतो कारण तो खातो. गावकऱ्यांनी लेण्यांना पांडवांचं नाव दिलं याचीही मला चीड येत नाही. त्याला कारण आहे. भिक्षू गेले, वाटा ओस पडल्या, लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. भिंतीवर काहीतरी लिहिलंय हे दिसत होतं, पण काय ते कळत नव्हतं. अशा वेळी माणसांनी आपल्याला माहीत असलेलं सर्वांत मोठं नाव त्या कामाला दिलं. तो प्रामाणिक अचंबा होता.

पण ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपनं उलगडली. तेव्हापासून या लेखांची वाचनं झाली, भाषांतरं झाली, पुस्तकं निघाली. गावकऱ्यांना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी पांडव म्हटलं. आपल्या खिशात फोन आहे, त्यात इंटरनेट आहे, त्यावर आपण लेण्याच्या दारातून रील टाकतो, आणि तरी पांडव म्हणतो. आपल्या वागण्याला अचंबा म्हणता येणार नाही. त्याला आळस म्हणतात.

आणि आळसापलीकडेही काही आहे. या जागा बौद्ध भिक्षूंच्या होत्या. भाज्याला आम्ही पोचल्यावर तासाभरानं एक कुटुंब आलं. पांढरे कपडे, हातात फुलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, स्तूपासमोर बसले आणि वंदना म्हटली. त्यांच्यातली मुलं माझ्या मुलांच्याच वयाची होती आणि त्यांना ती अख्खी पाठ होती. माझा धाकटा टक लावून बघत राहिला. त्या मुलांना कुणी सांगावं लागलं नव्हतं की ही जागा कुणाची आणि कशासाठी. आपल्यातल्या बाकीच्यांना मात्र दोन हजार वर्षांच्या विहारात उभं राहून 'बुद्ध' हा शब्द मुलांसमोर उच्चारायचीही गरज वाटत नाही. पांडव म्हटलं की सगळं आपल्या घरचं होतं, कुणी काही विचारत नाही. हे नकळत होतं असं म्हणून सोडून देता येईल, पण दरवेळी नकळत एकाच दिशेनं का होतं हेही एकदा स्वतःला विचारायला हवं.

एवढं झाल्यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त लाडका आहे : "लहान मुलांना लेण्यांत काय कळतंय? कंटाळतात ती. त्यापेक्षा वॉटरपार्क बरा."

त्या सकाळी माझ्या पाच वर्षांच्या मुलानं काय केलं ते सांगते.

भाज्याच्या चैत्यगृहात त्यानं पहिल्यांदा खांब पाहिले आणि म्हणाला, "हे वाकडे आहेत." आहेतच. भाज्याचे खांब आत कललेले आहेत. लाकडी घर बांधताना छताचा भार पेलायला खांब असे कलते रोवतात. दगडात त्याची काही गरज नाही, कारण इथं छत खांबांवर टेकवलेलंच नाही, सगळा एकच डोंगर आहे. पण खोदणाऱ्यांनी लाकडाच्या घरासारखं घर दगडात करायचं ठरवलं होतं, म्हणून खांबही कलते ठेवले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांच्या डोक्यात काय चाललं होतं, हे एका पाच वर्षांच्या मुलानं 'वाकडे' या एका शब्दात पकडलं. पांडवांच्या गोष्टीत या शब्दाला जागाच नाही. तिथं खांब वाकडा असेल तर भीमाची घाई झाली असेल, एवढंच.

मग तो विहारातल्या एका खोलीत शिरला. दगडी ओटा होता. "हा बेड आहे?" हो. "गादी?" नाही. "दार?" चौकटीच्या कडेला भोकं होती, पूर्वी लाकडी दार बसवलेलं असणार. त्यानं भोकात बोट घालून पाहिलं. पावसाळ्यात भिक्षू फिरायचे थांबत आणि अशा ठिकाणी राहत, असं सांगितल्यावर त्यानं विचारलं, "मग त्यांना पाणी कुठून?" आम्ही पाण्याचं टाकं शोधायला निघालो. (टाक्याजवळ मुलाचा हात सोडू नका. कठडा असेलच असं नाही.)

थोरलीला मी एका कागदावर ब्राह्मीची चार अक्षरं काढून दिली होती. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह. 'ग' म्हणजे घराचं छप्पर. 'र' म्हणजे उभी रेघ. 'ठ' म्हणजे नुसतं वर्तुळ. शेवटचं बघितल्यावर ती ओरडली, "आपल्या ठ मध्ये पण गोलच आहे!" आहेच. आपली देवनागरी त्या अक्षरांच्याच वंशातली आहे. दुपारी कार्ल्याला तिनं अर्धा तास भिंतीवर अधिकची चिन्हं शोधली. तिला कंटाळा आला नाही. कंटाळा आला तो माझ्या दिरांना, कारण त्यांच्या यादीत अजून बेडसं, लोहगड, चिक्की आणि कुठलंसं मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम होतं.

मुलं लेण्यांत कंटाळतात हे खरंच असेल तर ती आपल्या सांगण्याला कंटाळतात. "एका रात्रीत, पांडवांनी" हे वाक्य संपलं की गोष्ट संपते. विचारायला काही उरत नाही. कसं खोदलं? चमत्कारानं. किती वेळ लागला? एक रात्र. अर्धवट का राहिलं? कोंबडा. प्रत्येक प्रश्नाला असं झाकण बसवलं की मूल चौथ्या मिनिटाला "चला ना" म्हणणारच. याउलट माणसांनी खोदलं म्हटलं की प्रश्न थांबतच नाहीत. आधी वरून सुरुवात केली की खालून? निघालेला दगड कुठं टाकला? हातोडा बोटावर बसला तर? पैसे कोण द्यायचं? जेवायला काय होतं? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती आणि मी तसं सांगितलं. आकाश कोसळलं नाही. अर्धवट राहिलेल्या लेण्यासमोर मी म्हटलं, दगडात भेग निघाली असेल, पैसे संपले असतील, काय झालं असेल तुला वाटतं? थोरली म्हणाली, "त्यांचे सर बदलले असतील." कोंबड्यापेक्षा हे उत्तर मला कितीतरी जास्त पटलं.

हा दगडही काही साधा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या काळात, इथं जमिनीतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचून सह्याद्रीचा कातळ झाला. डायनोसॉरचं नाव काढल्यावर माझा धाकटा डोंगराकडे आदरानं बघायला लागला. घरी बसून डायनोसॉरचे व्हिडिओ बघणारी आपली मुलं त्याच काळाच्या दगडावर उभी असतात आणि आपण त्यांना सांगतो, "इकडे बघ, स्माइल."

सगळा दोष आईबापांवर टाकणंही बरोबर नाही. लेण्यांच्या दारात निळा फलक असतो. हे स्मारक संरक्षित आहे, नुकसान केल्यास अमुक शिक्षा, तमुक दंड, हे त्यावर ठसठशीत असतं. पण आत भिंतीवर सामी सुतारानं काय केलं असं लिहिलंय, ते आम्हाला त्या दिवशी कुठल्याही फलकावर दिसलं नाही. ज्यांच्याकडे ही लेणी सांभाळायला आहेत त्यांना माझी एकच मागणी आहे. प्रत्येक लेखाशेजारी, भिंतीला धक्का न लावता, एक छोटी पाटी ठेवा. मूळ ओळ, देवनागरीत तिचं वाचन, आजच्या मराठीत अर्थ, आणि तीही आठ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. याला फार मोठा निधी लागत नाही. लोकांना वाचायची इच्छा नसते, हे मला सांगू नका. त्याच लोकांना प्रेमवीरांनी खरडलेली नावं दूरवरून वाचता येतात.

त्या नावांवरून कार्ल्याला जे झालं ते सांगायलाच हवं, कारण त्यात मी हरले होते.

कार्ल्याच्या लेण्याच्या अगदी दारात एकवीरा आईचं देऊळ आहे. रविवार होता. रांग पायऱ्यांपर्यंत आलेली, आईच्या नावाचा गजर चाललेला. त्या गर्दीतून आत शिरलं की एकदम गार, अंधारं, उंच दालन. छताला लाकडाच्या कमानी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून शाबूत. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, वर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. स्तूपामागे सात साधे खांब. मुलांनी मोजले, ३७ भरले. मी थोरलीला सामीची गोष्ट सांगितली आणि धाकट्याला पाणी द्यायला वळले. परत बघते तर बाईसाहेब बाहेरच्या कातळावर खड्यानं आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढायला लागल्या होत्या.

मी ओरडले. हात धरून मागे ओढलं. असं करायचं नसतं, हा गुन्हा आहे, १९५८ चा कायदा आहे, सगळं सांगून टाकलं. ती शांतपणे म्हणाली, "मग सामीनं कसं लिहिलं?"

क्षणभर मला उत्तर सुचेना. तिचं चुकलं काय होतं? मीच तिला सकाळपासून नावं दाखवत होते. अजिंठ्याला १८१९ मध्ये गेलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख खरडली होती. तो तर शिकलेला साहेब होता. मग आठ वर्षांच्या पोरीनं काय घोडं मारलं?

मग मी म्हटलं, "सामीनं आधी दार केलं. मग नाव लिहिलं." ती थोडा वेळ कातळाकडे बघत राहिली आणि खडा टाकून दिला.

मला वाटतं, कुठल्याही दंडाच्या फलकापेक्षा हे वाक्य मुलांना जास्त कळतं. पण ते सांगायचं तर आधी सामी सांगावा लागतो. ज्याला वाटतं की हे सगळं देवांनी केलं, त्याला त्यावर नाव खरडताना कुणाचं काही बिघडवतोय असं वाटत नाही. कुणाचं असेल तर बिघडेल ना! भिंतीमागे माणूस दिसला तर हात थांबतो.

आपल्याकडे म्हण आहे : टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. सत्कारसमारंभात ती हमखास ऐकू येते. म्हणीत दगडाचं कौतुक आहे, घाव सोसल्याबद्दल. घाव घालणाऱ्या हाताबद्दल म्हण गप्प आहे. त्या हाताला फोड आले असतील, डोळ्यांत कपची उडाली असेल, छातीत धूळ गेली असेल. माझ्या आजोबांना शेवटची काही वर्षं खोकल्यामुळे आडवं झोपता यायचं नाही, बसूनच रात्र काढायचे. त्यांनी घडवलेल्या एकाही पाट्यावर त्यांचं नाव नाही. त्यांच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांचं नाही. लेण्यांतही नावं आहेत ती बहुतेक देणाऱ्यांची. ज्यांनी रोज दगड फोडला त्यांच्यातले बहुतेक बिननावाचेच आहेत. तरीही, जी थोडी नावं भिंतीवर टिकली, तीसुद्धा आपण पुसून त्यावर भीम-अर्जुन लिहितो, आणि वर मुलांना सांगतो की कष्टाला पर्याय नाही. कुठल्या कष्टाला? एका रात्रीच्या?

तेव्हा या हिवाळ्यात लेणी बघायला जा. मुलांना घेऊनच जा. लवकर निघा, दिवसाला एक किंवा दोनच ठिकाणं ठेवा, टोपी आणि पाणी घ्या, मोहोळ दिसलं तर आवाज करू नका. चार ब्राह्मी अक्षरं कागदावर काढून न्या. एखादा लेख आधी घरी वाचा, त्यातलं एक नाव लक्षात ठेवा आणि तिथं मुलांना मोठ्यानं सांगा. आणि मुलानं विचारलं की हे कुणी केलं, तर "माणसांनी" एवढं म्हणून गप्प बसा. पुढचं तीच विचारतील.

आम्ही रात्री उशिरा घरी आलो. आमच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आजोबांनी घडवलेला एक जुना पाटा आहे. मिक्सर आल्यापासून त्याचं तेवढंच काम उरलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली तिथं उकिडवी बसून त्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. म्हणाली, "आई, याला पण लेण्यासारख्या रेघा आहेत. हा कुणी केला?"

मी आजोबांचं नाव सांगितलं. तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.